समासातली मस्तानी

आमच्या वाचनालयात ‘राऊ’ ह्या कादंबरीच्या दोन प्रती होत्या. त्यातली जुनी प्रत माझ्या हातून तीन वेळा बाइंडिंगला गेली. बाइंडर दर खेपेला कडा छाटून पानं सारखी करायचा आणि मी दर खेपेला त्याला बजावायचे, समास राखून काप. त्या समासात वाचकांनी पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. ‘पुस्तकात खुणा करू नयेत, काही लिहू नये’ ही काउंटरवरची पाटी मीच रंगवून घेतली होती. परत आलेलं प्रत्येक पुस्तक मी चाळायचे, खोडरबर हाताशी असायचं. ‘राऊ’ला मात्र मी ते कधी लावलं नाही.

१९७९ साली मी मुलुंड पूर्वेच्या एका छोट्या वाचनालयात देवघेवीच्या काउंटरवर बसायला लागले, २०१३ साली निवृत्त झाले. ह्या चौतीस वर्षांत लग्नाविषयी, सवतीविषयी, सासूच्या धाकाविषयी, जातीविषयी कुणी माझ्याशी आपणहून बोललं असेल, तर ते ‘राऊ’ परत करताना. एरवी माणसं पुस्तक ठेवत, दुसरं घेत, ५.४० ची गाडी गाठायला निघून जात. हे पुस्तक ठेवताना मात्र हात थोडा रेंगाळायचा. मस्तानीचं निमित्त करून माणसं आपल्या घराविषयी बोलत. म्हणून मला वाटतं, की बाजीराव-मस्तानीचा एक इतिहास दप्तरांत आहे आणि दुसरा आमच्यासारख्या वाचनालयांच्या काउंटरवर घडला. पहिला लिहिला गेला, दुसरा लिहायचा राहिला.

मुंबई महापालिकेची हद्द मुलुंड-दहिसरपर्यंत आली ती १९५७ साली. त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षं गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींतून माणसं इकडे येत राहिली. कुणी मुलुंडला, कुणी घाटकोपरला, कुणी पार बोरिवलीला. ब्लॉक घेतला, नळ आला, दार लावून घ्यायची सोय झाली, पण चाळीच्या गॅलरीतलं बोलणं मागे राहिलं. पुस्तक विकत घेणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होतं. पार्ल्यात लोकमान्य सेवा संघ १९२३ पासून होता. १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या शाखा उपनगरांत पसरल्या होत्या. १९६७ साली महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आला आणि अ, ब, क, ड वर्गांप्रमाणे अनुदान मिळू लागलं. आमचं वाचनालय ‘क’ वर्गातलं. दोन खोल्या, सात कपाटं, एक लांब बाक आणि खिडकीपाशी तिरक्या टेबलावर ठेवलेली अभिप्राय वही.

ऐतिहासिक कादंबरीची चटक मराठी वाचकाला फार जुनी आहे. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ ही पहिली मराठी ऐतिहासिक कादंबरी १८७१ ची, मुंबईतच निघणाऱ्या ‘विविधज्ञानविस्तार’मधली. पुढे हरि नारायण आपट्यांनी ‘उषःकाल’ आणि ‘गड आला पण सिंह गेला’ लिहून तिला घराघरांत नेलं. ह्या कादंबऱ्यांत प्रेम होतं, पण ते पराक्रमाच्या आडोशाला. रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ साली आली आणि नवरा-बायकोची ओढ पुस्तकाच्या मध्यभागी येऊन बसली. थोरले माधवराव आणि रमाबाई. तिला १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पुढे दूरदर्शनवर गजानन जागीरदारांनी मालिका केली आणि रवींद्र मंकणी व मृणाल देव घरच्यांसारखे झाले. ‘स्वामी’ची वाचकसंख्या आमच्याकडे सगळ्यांत मोठी. पण तिच्याबद्दल वाद नव्हता. ‘स्वामी’ परत करताना बायकांचे डोळे ओले असत आणि त्या गप्प असत. रमाबाई सती गेली, तिथं कुणाला काही विचारायचंच उरत नसे.

ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ १९७२ ची. त्याआधी त्र्यंबकजी डेंगळ्यांवर ‘झेप’, यशवंतराव होळकरांवर ‘झुंज’, दुसऱ्या बाजीरावावर ‘मंत्रावेगळा’ लिहून झाल्या होत्या. इतिहासानं ज्यांच्याकडे पाठ फिरवली, त्यांच्या बाजूनं उभं राहून लिहायचं हा त्यांचा पिंड. पहिला बाजीराव काही उपेक्षित नव्हता. उपेक्षित होती मस्तानी, काशीबाई घरात असताना आलेली त्याची दुसरी बायको. त्यामुळे ‘राऊ’ वाचणाऱ्याला बाजू घ्यावीच लागे.

सुरुवातीच्या वर्षांत पुरुष वाचक पालखेडबद्दल, निजामाबद्दल, दिल्लीवरच्या स्वारीबद्दल बोलत. बुंदेलखंडात छत्रसालाला बंगशाच्या वेढ्यातून सोडवायला बाजीराव १७२९ साली कसा धावला, ते एक एस. टी.चे निवृत्त अधिकारी मला नकाशा काढून दाखवत. मग हळूच विचारत, “ती पान खायची तेव्हा रस गळ्यातून उतरताना दिसायचा, हे खरं का हो?” हा प्रश्न मी चौतीस वर्षांत इतक्यांदा ऐकला, की कोण विचारणार ते चेहऱ्यावरूनच कळायचं. मस्तानी म्हणजे गोरा गळा, एवढंच बहुतेकांना आजीकडून मिळालेलं होतं. पुस्तक वाचून झाल्यावर मात्र तो प्रश्न पुन्हा कुणी विचारला नाही. तेव्हा विचारत ते तिच्या मुलाविषयी. कादंबरीनं केलेलं मोठं काम मला हेच वाटतं. दंतकथेतल्या गळ्याला तिनं माणूस जोडला.

बायकांचं बोलणं वेगळं होतं. नोकरीवाल्या मुली मस्तानीच्या बाजूच्या. गाडीत वाचून काढलेलं पुस्तक त्या पर्समधून काढत आणि म्हणत, तिचं चुकलं काय? समासातलं सगळ्यांत ठसठशीत अक्षर अशाच कुणाचं तरी होतं. मस्तानीला कोंडून ठेवतात त्या पानाच्या कडेला दोन शब्द, ‘हिचा गुन्हा?’ त्याखाली दुसऱ्या हातानं लिहिलेलं, ‘काशीबाईंचा तरी काय?’ आणि त्याखाली तिसऱ्याच, बारीक, शाळामास्तरी अक्षरात, ‘दोघींना विचारलं कुणी?’ तीन वाचक, बहुधा तीन वेगवेगळ्या वर्षांतले, एकमेकांना कधीही न भेटलेले. ते पान मी कसं पुसणार?

एक आजी यायच्या. नऊवारी, हातात कापडी पिशवी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. रत्नागिरीकडच्या. मुलाकडे मुलुंडला राहायला आल्या आणि सत्तरीत वाचनालयाच्या सभासद झाल्या. ‘राऊ’ त्यांनी दोन महिने ठेवली. आमचा नियम पंधरा दिवसांचा, पण त्या दर पंधरवड्याला येऊन नवी तारीख मारून घेत. परत करायला आल्या तेव्हा बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, “बाई, मी दुसरेपणाची. पहिली होती घरात.” मग थोड्या वेळानं, “मला वाटायचं, मी मस्तानी. हे वाचून कळलं, ती पहिली माझ्याकडे बघायची ते डोळे कसले होते.”

मुंबई इलाख्यात हिंदूंना एक बायको असताना दुसरी करायला १९४६ च्या कायद्यानं बंदी आली, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं ती देशभर गेली. आजींचं लग्न त्याआधीचं. कायद्याची कलमं मला पाठ होती, पण कायद्याआधीच्या घरात संध्याकाळी दिवा लावताना दोन बायकांना काय वाटत असेल, ते मला त्या बाकाशी कळलं. त्यांनी समासात शब्द लिहिला नाही. काशीबाईच्या एका पानावर पेन्सिलीची लहानशी आडवी रेघ आहे, तीन ओळींच्या कडेला. पुस्तक तपासताना ती मला नवी दिसली आणि कुणाची ते मी ओळखलं.

ह्या सगळ्या मतांत एक माणूस सर्वांना अडचणीचा वाटायचा, बाजीरावाचा धाकटा भाऊ चिमाजी आप्पा. मस्तानीला अटकेत ठेवणाऱ्यांत तो होता. पुण्याच्या वाचकाला कदाचित त्याच्यावर रागावणं सोपं जात असेल. आमच्याकडे ते सोपं नव्हतं, कारण आम्ही राहतो ती जमीनच चिमाजी आप्पाच्या मोहिमेची.

हे मला कळलं ते अभिप्राय वहीतून. मालाडहून मुलुंडला राहायला आलेल्या एका वाचकानं वहीत दोन पानं लिहिली. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, मालाड, बोरिवली हे सगळं साष्टी बेट. दोनशे वर्षं पोर्तुगीजांकडे. त्यांच्या अमलात हिंदूंना उघडपणे सण-विधी करायला बंदी होती. मालाडच्याच अंताजी रघुनाथ कावळे यानं पेशव्यांशी संधान बांधलं. मार्च १७३७ मध्ये चिमाजी आप्पाच्या फौजेनं ठाणं घेतलं, साष्टी हाती आली. वेसाव्याचा, म्हणजे आजच्या मढचा किल्ला १७३९ च्या सुरुवातीला मराठ्यांकडे आला आणि मे १७३९ मध्ये वसई पडली. वाचकानं पुढे लिहिलं होतं, की ज्या माणसानं आपल्याला मोकळं केलं, त्यानंच वर्षाच्या आत मस्तानीला कोंडलं. मी त्याला नमस्कार करू की जाब विचारू?

त्या पानानं वाचनालयात महिनाभर चर्चा पेटवली. कुणी म्हणालं, राज्य टिकवायचं तर घर एक राहायला हवं होतं. कुणी म्हणालं, घराच्या अब्रूच्या नावाखाली बाईच कशी कोंडली जाते? भांडुपचे एक ईस्ट इंडियन ख्रिस्ती सर ऐकत बसले होते. ते म्हणाले, “आमच्या घरांत ह्या मोहिमेची आठवण वेगळी आहे. साष्टीतल्या कितीतरी जुन्या चर्च तेव्हापासून ओसाड पडल्या.” सगळे गप्प झाले. मग नकाशावाल्या काकांनी सरांना खुर्ची दिली आणि म्हणाले, सांगा, आम्हाला ते माहीत नाही. माझ्या चौतीस वर्षांतली ती सगळ्यांत चांगली संध्याकाळ.

मी घरी येऊन तारखा मांडल्या आणि थरारून गेले. जानेवारी १७४० मध्ये मस्तानी पुण्यात कैदेत. फेब्रुवारीत वाड्यावर बाजीरावाच्या मुलाची, रघुनाथाची मुंज आणि चिमाजीच्या मुलाचं, सदाशिवाचं लग्न. २८ एप्रिल १७४० ला नर्मदाकाठी रावेरखेडीला बाजीराव गेला, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. पाठोपाठ मस्तानी गेली, पाबळला तिची कबर आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस चिमाजी आप्पाही गेला. आणि ज्याच्या मुंजीचे मांडव मस्तानी कैदेत असताना पडले, त्याच रघुनाथरावानं, म्हणजे राघोबादादानं, पस्तीस वर्षांनी सुरतेच्या तहात वसई आणि साष्टी इंग्रजांना लिहून दिली. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणं घेतलेलंच होतं, १७८२ च्या सालबाईच्या तहानं साष्टी कायमची त्यांच्याकडे राहिली. ज्या घराण्याच्या शुद्धतेसाठी एका बाईला बाजूला काढलं, त्याच घराण्यातल्या भाऊबंदकीत आमची साष्टी गेली. आणि मस्तानीचा मुलगा? ज्याची मुंज होऊ शकली नाही तो समशेरबहादर १७६१ साली पानिपतावर मराठ्यांच्या बाजूनं लढला आणि तिथल्या जखमांनी वारला. वय सत्तावीस. हे मी वहीत त्या मालाडच्या वाचकाच्या पानाखाली लिहिलं. काउंटरवरच्या माणसानं अभिप्राय लिहू नये असा संकेत होता, त्या दिवशी मी तो मोडला.

‘राऊ’तलं किती खरं, हा प्रश्न अर्थातच येई. १९८९ साली द. ग. गोडसे यांचं ‘मस्तानी’ आलं. चित्रकार आणि नेपथ्यकार असलेल्या ह्या माणसानं छत्रसालाचा दरबार, तिथला प्रणामी पंथ, बुंदेलखंडची रीत असं सगळं धुंडाळून मस्तानीवर बसलेली नाचणारणीची पुटं खरवडली. मी ते ‘राऊ’च्या शेजारी ठेवायला लागले आणि ‘राऊ’ परत करणाऱ्याच्या हातात न मागता द्यायचे. दहातले दोन-तीन नेत. पण जे नेत ते परत येऊन पुन्हा ‘राऊ’ मागत आणि दुसऱ्या वाचनात त्यांचे प्रश्न पालटलेले असत. ‘कादंबरी म्हणजे खोटं’ आणि ‘कादंबरी म्हणजे इतिहास’ ही दोन्ही टोकं मला वाचकांत फारशी दिसली नाहीत. ती टोकं न वाचणाऱ्यांची. वाचणाऱ्याला नेमकं ठाऊक असतं, की पेशव्यांच्या शयनगृहातलं बोलणं कुठल्याही रुमालात बांधलेलं नाही. तरीही ते कुणीतरी मनात उभं करायला हवं होतं, हेही त्याला ठाऊक असतं.

वाचकाच्या मताला मराठीनं एकदा मोठा मान दिला आहे. रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’च्या आरंभी नरहर कुरुंदकरांची जी प्रस्तावना आहे, ते मुळात त्यांनी लेखकाला लिहिलेलं पत्र. एका जाणत्या वाचकाचं पत्र कादंबरीच्या उंबऱ्यावर छापलं गेलं. आमच्या समासातल्या तीन ओळी त्या तोलाच्या नाहीत, पण त्याच जातीच्या आहेत.

१८ डिसेंबर २०१५ ला ‘बाजीराव मस्तानी’ चित्रपट आला. मी निवृत्त झाले होते, तरी आठवड्यातून दोनदा जाऊन बसायचे. चित्रपटाचा आरसेमहाल उभारला होता गोरेगावच्या चित्रनगरीत, म्हणजे आमच्या डोंगराच्या पलीकडे, साष्टीतच. त्यातल्या ‘पिंगा’ गाण्यावरून वाद झाला. पेशव्यांच्या घरातल्या दोघी अशा एकत्र नाचतील का, म्हणून जुने वाचक संतापले. त्याच आठवड्यांत मागणी वहीत ‘राऊ’खाली एकापाठोपाठ एक नावं पडली. बहुतेक पंचविशीच्या आतली, मराठी अडखळत वाचणारी मुलंमुली. काहींचं शिक्षण इंग्रजीत झालेलं, म्हणून ती आईला मोठ्यानं वाचायला लावत. त्यांचा प्रश्न मात्र जुन्या वाचकांनी क्वचितच विचारलेला. काशीबाईचं पुढे काय झालं? मस्तानीवर प्रेम करायला पिढ्या शिकल्या होत्या, आता कुणीतरी दुसरीकडे वळून बघत होतं. मी सांगायचे, चासच्या जोशांची ती मुलगी पुढे अठरा वर्षं जगली, यात्रा केल्या, चासला सोमेश्वराचं देऊळ उभारलं. मस्तानीचं पोरकं लेकरू वाड्यातच वाढलं आणि सांभाळणाऱ्यांत तिचं नाव घेतलं जातं.

वाचनालयाची डागडुजी निघाली तेव्हा अभिप्राय वह्या रद्दीत गेल्या. मी गावाला गेले होते. परत आले तर टेबलही नव्हतं. साष्टीवरची दोन पानं, सरांनी त्यापुढे लिहिलेलं, माझा संकेतभंग, सगळं किलोच्या भावानं गेलं. मी कुणाशी भांडले नाही, पण त्या रात्री झोपले नाही. लेखकांची पत्रं संग्रहालयात जपली जातात. वाचकांच्या वह्या जपायची रीत आपण पाडली नाही. एखाद्या उपनगरातल्या माणसांनी पन्नास वर्षांत प्रेमाविषयी, लग्नाविषयी, शत्रूविषयी आपलं मत कसकसं बदललं, ते कळायला त्याहून चांगला कागद कुठला मिळणार होता? तुमच्या वाचनालयात अशी वही असेल, तर ती कपाटात ठेवा. तिला दाखल क्रमांक द्या. तीही पुस्तकच आहे.

पुढे जुनी पुस्तकं बाद करायची यादी निघाली. ‘राऊ’ची पहिली प्रत त्यात होती. मी समितीला अर्ज करून, पावती फाडून ती घरी आणली. मागच्या पुठ्ठ्यावर तारखेच्या चिठ्ठ्या एकावर एक चिकटवून लाकडासारख्या टणक झाल्या आहेत.

गेल्या पावसाळ्यात आमच्या इमारतीतली एक मुलगी ती बघायला आली. मराठी घेऊन एम. ए. करते. तिनं जमिनीवर बसून पूर्ण पुस्तक नुसत्या समासांतून वाचलं. ‘हिचा गुन्हा?’च्या पानाशी बराच वेळ थांबली. मग काशीबाईच्या पानावर बोट ठेवून म्हणाली, “मावशी, इथं काहीच लिहिलेलं नाही. नुसती रेघ आहे.”

मी तिला आजींबद्दल सांगितलं. दोन महिने, चार तारखा, दोऱ्यानं बांधलेली चष्म्याची काडी, बाकावरचं ते वाक्य. ती ऐकत राहिली. मग तिनं पुस्तक मिटलं नाही, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “मी इथं काही लिहिलं तर चालेल?”

पाटी रंगवून घेणारी मीच. उठले, ड्रॉवरमधली पेन्सिल काढली, टोक करून तिच्या हातात दिली आणि चहा ठेवायला आत गेले, म्हणजे तिला सवडीनं लिहिता यावं.